तेरियाकी चिकन आणि दस्तरखानाचा प्रश्न

पवित्र कुरआनातील सूरह हूदमध्ये हजरत इब्राहीम (अलै.) यांच्या पाहुणचाराचा प्रसंग आला आहे. अनोळखी पाहुणे दारी आले, सलामाची देवाणघेवाण झाली आणि फारसा वेळ न दवडता इब्राहीम (अलै.) यांनी भाजलेले वासरू त्यांच्यापुढे आणून ठेवले. ६९ व्या आयतीत या भाजलेल्या मांसासाठी ‘हनीज’ हा शब्द योजला आहे. तापलेल्या दगडांवर भाजलेले मांस, असा त्याचा अर्थ भाष्यकारांनी सांगितला आहे. म्हणजे आज ज्याला आपण ‘ग्रिल’ म्हणतो, ती रीत पैगंबरांच्या घरातील पाहुणचाराइतकी जुनी आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी भाजलेली बरगडी ठेवल्याचे आणि त्यांनी ती खाल्ल्याचे तिर्मिजीच्या संग्रहात नमूद आहे. बुखारीच्या संग्रहात तर थेट कोंबडीचाच उल्लेख सापडतो, त्याकडे आपण पुढे वळू.

हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, एखादा पदार्थ परदेशी आहे, त्याचे नाव आपल्या जिभेवर बसत नाही, एवढ्याच कारणाने त्याला हराम ठरविण्याची घाई आपल्या समाजात पुष्कळदा होते. उलट बाजूने, बाजारात मिळते, शेजारच्या शहरात सगळे खातात, तेव्हा विचारायचे काय, अशीही एक वृत्ती बळावत आहे. या दोन्ही वृत्ती एकाच घरात, एकाच दस्तरखानावर समोरासमोर येतात तेव्हा काय होते, याचे उदाहरण आमच्या भागात नुकतेच पाहावयास मिळाले.

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला सालेकसा तालुका आहे. छत्तीसगड आणि मध्य प्रदेश ही दोन्ही राज्ये येथून हाकेच्या अंतरावर. दरेकसा स्थानकावरून आगगाडी डोंगरातून वाट काढत पुढे जाते आणि जवळच कचारगडच्या प्रसिद्ध नैसर्गिक गुहा आहेत. गोंड समाजाचे हे अत्यंत श्रद्धेचे स्थान. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या कथा या डोंगराशी निगडित आहेत आणि माघ पौर्णिमेच्या यात्रेला अनेक राज्यांतून भाविक येथे येतात. या परिसरात मुस्लिम कुटुंबे थोडी, विखुरलेली. दुकान, गॅरेज, लाकूडकाम, नोकरी यांनिमित्त स्थिरावलेली. शेजार बहुधा गोंड, पोवार, लोधी बांधवांचा. भात हे येथील मुख्य पीक, आणि फाल्गुन-चैत्रात मोहाच्या फुलांचा वास पहाटे सर्वत्र दरवळतो.

अशाच एका घरातील सून नागपुरात शिकलेली, हौशी. तिने मुलांच्या आग्रहावरून ऑनलाइन तेरियाकी सॉसची बाटली मागविली. कोंबडी मुरवत ठेवली, अंगणात शेगडी पेटवून जाळी चढविली. घरातील दादींनी बाटली उघडून वास घेतला आणि त्या म्हणाल्या, “बेटा, हा तर मोहाच्या दारूसारखा वास आहे. मी याला हात लावणार नाही.” सुनेने बाटलीवरील हिरवे चिन्ह दाखवून सांगितले, “अम्मीजान, हे शाकाहारी आहे, यात हराम काय असणार?” दादींनी ताट सरकविले. पुढे काही दिवस दादींचा स्वयंपाक वेगळ्या भांड्यात होऊ लागला. नमाजनंतर नातवाने माझ्याजवळ येऊन हळूच विचारले, “इमामसाहेब, दादीचं बरोबर की अम्मीचं?”

प्रश्न एका बाटलीचा, पण त्यामुळे एका घरातील दोन बायकांचे बोलणे तुटले होते. म्हणून तो सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

प्रथम तेरियाकी म्हणजे काय ते पाहू. हा जपानी शब्द आहे. ‘तेरी’ म्हणजे तकाकी आणि ‘याकी’ म्हणजे भाजणे. मासा वा मांस भाजताना त्यावर गोड-खारट रसाचा थर पुनःपुन्हा लावतात, तो रस आटून वरती आरशासारखी चमक येते, म्हणून हे नाव. पारंपरिक रसात चार वस्तू असतात: सोया सॉस, साखर, साके आणि मिरीन. यांपैकी साके हे तांदळापासून आंबवून केलेले मद्य आहे, त्यात साधारण १५ टक्के अल्कोहोल असते. मिरीनही तांदळाचेच. चिकट जातीचा शिजविलेला तांदूळ, बुरशी चढविलेला तांदूळ आणि शोचू नावाचे ऊर्ध्वपातित मद्य एकत्र करून ते महिनोन्‌महिने मुरवितात. तांदळातील पिष्टाची साखर होते, म्हणून मिरीन गोड लागते. परंतु मद्य त्यात राहतेच, सुमारे १४ टक्के. आज जपानमध्ये ते मुख्यतः स्वयंपाकात वापरतात, तरी एके काळी ते गोड मद्य म्हणून प्यालेही जात असे.

आपण भाताच्या जिल्ह्यात राहतो. ज्या तांदळावर आपला रोजचा निर्वाह चालतो, त्याच तांदळाचे तेथे मद्य होते, हे ऐकून काहींना नवल वाटेल. पण मोहाचे फूल पाहा. सुकविलेली मोहाची फुले गोड असतात. ती भाकरीत घालतात, त्यांचे लाडू करतात, आणि टंचाईच्या काळात कित्येक आदिवासी घरांना त्यांनी तारले आहे. फूल हलाल आहे, निर्मळ अन्न आहे. तेच फूल भिजवून, आंबवून, भट्टीवर चढविले की जे उतरते ते नशा आणणारे पेय असते. सूरह नहलच्या ६७ व्या आयतीत खजूर आणि द्राक्षे यांपासून माणूस एकीकडे नशा आणणारी वस्तू आणि दुसरीकडे उत्तम अन्न मिळवितो, असे दोन्ही वेगवेगळे करून सांगितले आहे. भाष्यकारांनी येथे सूक्ष्म संकेत पाहिला आहे. मद्यबंदीची स्पष्ट आज्ञा तेव्हा उतरलेली नव्हती, तरीही ‘उत्तम’ हे विशेषण केवळ अन्नालाच जोडलेले आहे. वस्तू एकच, तिचे काय करायचे हे माणसाच्या हाती.

मद्यबंदीची आज्ञा टप्प्याटप्प्याने आली, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. सूरह बकरा (२:२१९) मध्ये तिच्यातील हानी लाभाहून मोठी असल्याचे सांगितले गेले. सूरह निसा (४:४३) मध्ये नशेच्या अवस्थेत नमाजजवळ जाण्यास मनाई झाली. सूरह माइदा (५:९०-९१) मध्ये मद्य हे सैतानी कृत्यातील घाण असून त्यापासून दूर राहावे, असा अंतिम आदेश आला. त्या दिवशी हजरत अनस (रजि.) हे हजरत अबू तलहा (रजि.) यांच्या घरी मद्य वाढीत होते. बाहेर पुकारा झाला आणि तेथल्या तेथे मद्य ओतून देण्यात आले. मदीनेच्या गल्ल्यांतून ते वाहिले, असे बुखारी आणि मुस्लिम यांच्या संग्रहांत आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ते मद्य द्राक्षांचे नव्हते, तर खजुराचे होते. आणि पुढे हजरत उमर (रजि.) यांनी मिंबरवरून सांगितले की, मद्य द्राक्षे, खजूर, मध, गहू आणि जव यांपासून होत असे आणि बुद्धीवर आवरण घालणारे ते मद्य. तेव्हा ‘कुरआनात तांदळाचे नाव कुठे आहे?’ हा प्रश्नच उरत नाही.

तरीही काही जाणकार वाचक एक आक्षेप घेतील, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. विदर्भातील बहुसंख्य मुस्लिम हनफी आहेत. इमाम अबू हनीफा (रह.) आणि इमाम अबू यूसुफ (रह.) यांच्या मते काटेकोर अर्थाने ‘खम्र’ म्हणजे द्राक्षांच्या कच्च्या रसाचे मद्य. इतर धान्यांच्या पेयांविषयी त्यांचे तपशील काहीसे वेगळे आहेत. मग तांदळाच्या मिरीनचे दोन चमचे का चालू नयेत? याचे उत्तर हनफी परंपरेतच आहे. इमाम मुहम्मद (रह.) यांचे मत असे की, जी वस्तू अधिक घेतल्यास नशा आणते, तिचा थोडा अंशही निषिद्ध. नंतरच्या हनफी फुकहांनी फतवा याच मतावर दिला आहे. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांतील हजरत जाबिर (रजि.) यांची हदीसही याच आशयाची आहे. कोकणातील आपले शाफई बांधव तर प्रारंभापासूनच या मतावर आहेत. म्हणून सालेकसा असो वा श्रीवर्धन, साके आणि मिरीन यांच्या बाबतीत निर्णय एकच होतो.

दुसरा आक्षेप अधिक लोकप्रिय आहे: ‘आचेवर अल्कोहोल उडून जाते.’ हे अर्धसत्य आहे. अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळते हे खरे. परंतु पाण्यात मिसळलेले अल्कोहोल एकदम निघून जात नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यांनुसार, पदार्थात मिसळून पंधरा मिनिटे मंद आचेवर शिजविल्यास सुमारे ४० टक्के अल्कोहोल मागे राहते, अर्ध्या तासाने ३५ टक्के, एका तासाने २५ टक्के आणि अडीच तासांनंतरही ५ टक्के. तेरियाकीचा रस जाळीवर शेवटच्या चार-पाच मिनिटांत लावतात. म्हणजे त्यातील फारच थोडे उडते. अर्थात शरीअतचा निर्णय या टक्केवारीवर मुळीच अवलंबून नाही. मद्य जाणूनबुजून अन्नात ओतणे हीच मनाई आहे. शिजविण्याने मद्याचा मूळ धर्म पालटत नाही. मी आकडे दिले ते इतक्यासाठीच की, जो युक्तिवाद विज्ञानाच्या नावाने केला जातो, तो विज्ञानाच्या कसोटीलाही उतरत नाही.

आता सोया सॉस. येथे मात्र घाई करून चालणार नाही. अस्सल सोया सॉस सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी यांपासून कित्येक महिने आंबवून करतात. या प्रक्रियेत आपोआप थोडे अल्कोहोल तयार होते, साधारण दोन टक्क्यांच्या आसपास. ते कोणी मद्य म्हणून करीत नाही, मद्य म्हणून पीत नाही, आणि त्यातील मीठ इतके असते की कोणी नशेसाठी प्यायचे म्हटले तरी पिऊ शकणार नाही. म्हणून वेगळे मद्य न मिसळलेल्या सोया सॉसला समकालीन उलेमांपैकी अनेकांनी अनुमती दिली आहे. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०१८ च्या फतव्यात पेयांसाठी ०.५ टक्क्यांची मर्यादा घातली, परंतु मद्यउद्योगातून न आलेल्या अन्नपदार्थांना तो आकडा लावला नाही. याच परंपरेत मिरीनला मात्र हलाल मानलेले नाही. भेद टक्क्यांचा नसून उगमाचा आणि उद्देशाचा आहे, हे येथे स्पष्ट होते. बाजारात स्वस्त सोया सॉसही मिळतो. तो आंबवून नव्हे, तर सोयाबीनच्या प्रथिनांवर आम्लाची प्रक्रिया करून केलेला असतो. ज्यांच्या मनाला आंबविलेल्या सॉसविषयी खटका वाटतो, त्यांना तो पर्याय मोकळा आहे. चव उणी असते, हेही सांगायला हवे.

हिरव्या चिन्हाविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण सुनेचा समज तिच्या एकटीचा नाही. आपल्या देशात अन्नाच्या वेष्टनावर हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. हे चिन्ह प्राणिजन्य घटकांविषयी बोलते. मद्याविषयी ते काहीही सांगत नाही. मद्य वनस्पतींपासून होते, म्हणून मद्य घातलेल्या सॉसवरही हिरवा ठिपका असू शकतो, आणि त्यात कायद्याचा भंग नाही. मुस्लिम गृहिणीने ठिपका पाहून थांबू नये, घटकांची यादी वाचावी. नियमाप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. मिरीन, साके, राइस वाइन, कुकिंग वाइन, शेरी यांपैकी एकही शब्द दिसला तर बाटली परत ठेवावी. केवळ सोया सॉस, साखर, पाणी, व्हिनेगर, लसूण, आले, पिष्ट असे लिहिलेले असेल तर हरकत नाही. अशाही बाटल्या मिळतात. त्या घरातील बाटली मी मागवून पाहिली. बारीक अक्षरांत ‘राइस वाइन’ छापलेले होते. दादींचे नाक खरे ठरले.

व्हिनेगरचा प्रश्नही वारंवार विचारला जातो. मद्य आपोआप शिर्क्यात पालटले तर तो सर्व मजहबांत पाक आहे. सिर्का हे उत्तम सालन असल्याचे प्रेषित (स.) यांनी म्हटल्याचे मुस्लिमच्या संग्रहात आहे. कोणी मुद्दाम मद्यात काही घालून त्याचा सिर्का केला, तर हनफींच्या मते तोही चालतो, शाफई मते चालत नाही. सुदैवाने आपल्या किराणा दुकानातील पांढऱ्या बाटल्यांवर बहुधा ‘सिंथेटिक व्हिनेगर’ असे छापलेले असते. ते मद्याचा सिर्का नव्हे, पाणी मिसळलेले ॲसेटिक आम्ल असते. कोकणातील भगिनींनी त्याविषयी चिंता करू नये, अथवा लिंबू पिळावे.

रसाविषयी इतके झाले. परंतु रस निर्मळ असून कोंबडीच जबीहा नसेल, तर सारे व्यर्थ आहे. सूरह अनआम (६:१२१) मध्ये अल्लाहचे नाव न घेतलेल्या प्राण्याचे मांस खाण्यास मनाई आहे. या बाबतीत आपल्या ग्रामीण कुटुंबांची स्थिती शहरांपेक्षा एका अर्थी बरी आहे, कारण कोंबडी डोळ्यांसमोर कापली जाते. सुरी धारदार असावी आणि प्राण्याला कमीत कमी यातना व्हाव्यात, ही आज्ञा हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांच्या हदीसमध्ये आली आहे. एका कोंबडीदेखत दुसरी कापू नये, हा अदबही त्याच भावनेतून येतो. दुकानदारांसाठी एक बारकावा सांगतो. पिसे काढण्यासाठी कोंबडी गरम पाण्यात बुडवितात. पोट साफ करण्याआधीच ती उकळत्या पाण्यात बराच वेळ राहिली, तर आतील घाण मांसात शोषली जाते, म्हणून फुकहांनी त्यापासून सावध केले आहे. क्षणभर बुडवून काढणे वेगळे. कापल्यावर रक्त पूर्ण वाहून जाऊ द्यावे, कोंबडी पूर्ण शांत झाल्यावरच ती पाण्यात घालावी आणि पाणी खळखळते नसावे.

आता प्रत्यक्ष कृती. मिरीन रसाला तीन गोष्टी देते: गोडवा, तकाकी आणि मांसाचा उग्र वास दडविणे. या तिन्ही गोष्टी आपल्या मुदपाकखान्यात आहेत. एक किलो कोंबडीच्या तंगडीचे हाड काढलेले मांस घ्यावे. छातीचे मांस जाळीवर लवकर कोरडे पडते. अर्धी वाटी सोया सॉस, अर्धी वाटी पाणी, पाऊण वाटी चिरलेला गूळ, दोन बोटे आले किसून, सहा-सात लसूण पाकळ्या ठेचून आणि दोन चमचे लिंबाचा रस वा व्हिनेगर घ्यावे. लिंबू वगळून सारे मंद आचेवर सात-आठ मिनिटे उकळावे, उतरवून लिंबू घालावे, गाळून थंड करावे. वेगळे मीठ घालू नये. सोया सॉसमध्येच ते भरपूर असते आणि पहिल्या वेळी जवळजवळ प्रत्येक घरात हीच चूक होते. गूळ चिकीचा नसावा, साधा असावा, नाहीतर रस तारेवर जातो.

या रसाचे आरंभीच दोन भाग करावेत. एका भागात मांस मुरवावे, दुसरा झाकून बाजूला ठेवावा. ज्यात कच्चे मांस बुडाले तो रस शिजलेल्या मांसावर लावणे आरोग्याला घातक आहे. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, फ्रिजमध्ये, दोन ते चार तास मुरविणे पुरेसे. आमच्या भागात वीज गेली की फ्रिजचा भरवसा नसतो, अशा दिवशी तासाभरापेक्षा अधिक थांबू नये. भिजविण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो: प्रेषित (स.) यांच्यासाठी सकाळी पाण्यात भिजविलेले खजूर वा मनुका सायंकाळी दिले जात, आणि फार काळ राहिलेले ते पाणी ते घेत नसत, असे हजरत आयशा (रजि.) आणि हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या कथनांवरून कळते. गोड पाणी किती वेळ गोड राहते आणि केव्हा आंबू लागते, याचे भान त्या घरात होते.

निखारे लाल असून त्यांवर राखेचा पातळ थर आला म्हणजे जाळी चढवावी. ज्वाळेवर मांस ठेवू नये, गूळ क्षणात करपून कडू होतो. मांस जाळीवर ठेवण्याआधी रस निथळून घ्यावा. प्रत्येक बाजू सहा-सात मिनिटे भाजावी आणि मांस आतून पांढरे झाल्यावरच, शेवटच्या चार-पाच मिनिटांत, बाजूला ठेवलेला रस दोन-तीन वेळा ब्रशने लावावा. ज्यांच्याकडे अन्नाचा तापमापक आहे, त्यांनी सर्वांत जाड भागात ७४ अंश सेल्सिअस पाहावे. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी सुरी खुपसून पाहावी. बाहेर येणारा रस गुलाबी नसावा. सोबत चिन्नोरचा साधा भात उत्तम. जपानी माणसालाही याहून वेगळे काही सुचणार नाही.

शेगडी अंगणात वा गच्चीवर असावी. हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे म्हणजे मृत्यूला बोलावणे होय, कोळशाचा विषारी वायू वासाने कळत नाही. मदीनेत एक घर रात्री रहिवाशांसह जळाले, तेव्हा झोपण्यापूर्वी अग्नी विझविण्याची ताकीद प्रेषित (स.) यांनी दिली होती. आणि आमच्या तरुणांना एक विनंती: कचारगडच्या पायथ्याशी, जंगलात, दगडांवर जाळी मांडून सहलीची मेजवानी करण्याची टूम नको. राखीव वनात विस्तव पेटविणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने गुन्हा आहे. फाल्गुनात पाचोळा किती कोरडा असतो, हे येथील मुलांना सांगावे लागत नाही. शिवाय ते आपल्या शेजाऱ्यांचे पवित्र स्थान आहे. त्यांच्या श्रद्धेचा अनादर होईल असे वागणे सूरह अनआमच्या १०८ व्या आयतीच्या शिकवणीला धरून नाही.

शेजाऱ्यांचा विषय येथेच पुरा करतो. घरात भाजलेल्या मांसाचा सुगंध गल्लीभर जातो. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पोहोचला का, हे त्यांनी पुनःपुन्हा विचारले. आपल्या गोंड शेजाऱ्याकडे एक ताटली पोहोचावी, यात केवळ शिष्टाचार नाही, हक्क आहे. त्यांच्या घरून आलेला भात, भाजी, मोहाचे लाडू आनंदाने स्वीकारावेत. जबीहा नसलेले मांस मात्र हात जोडून, गोड शब्दांत नाकारावे. आमचे शेजारी हे समजून घेतात. न समजणारे बहुधा आपल्यातीलच असतात, जे नकार देताना तोंड वाकडे करतात.

मूळ घराकडे वळू. दादी बाटलीबाबत बरोबर होत्या. सून पदार्थाबाबत बरोबर होती: भाजलेली, मुरविलेली कोंबडी हलालच आहे. पुढच्या आठवड्यात सुनेने वरील कृतीने, गूळ घालून तेरियाकी केली. दादींनी तरीही खाल्ली नाही. सुनेला वाटले, आता तर हट्टच झाला. येथे दोन हदीस सांगणे मला योग्य वाटले. बुखारीच्या संग्रहात आहे की, हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्या दस्तरखानावर कोंबडी आली, तेव्हा एक मनुष्य दूर बसला. कोंबडीला घाण खाताना पाहिल्याने त्याने ती न खाण्याची शपथ घेतली होती. अबू मूसा (रजि.) यांनी त्याला जवळ बोलाविले आणि आपण प्रेषित (स.) यांना कोंबडी खाताना पाहिल्याचे सांगितले. स्वतःच्या किळसेपायी हलाल वस्तू स्वतःवर हराम करून घेऊ नये, हे त्यातून कळते. दुसरी हदीस हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांची. प्रेषित (स.) यांच्यापुढे भाजलेली घोरपडीसारखी वाळवंटी पाल आली. त्यांनी हात मागे घेतला. हराम आहे काय, असे खालिद (रजि.) यांनी विचारता, नाही, पण ती माझ्या लोकांच्या प्रदेशातील वस्तू नाही म्हणून मन घेत नाही, अशा आशयाचे उत्तर मिळाले. खालिद (रजि.) यांनी ती पुढे ओढून खाल्ली आणि प्रेषित (स.) पाहत राहिले. त्याच दस्तरखानावर एकाने खाल्ले, दुसऱ्याने नाही. ना निषेध, ना रुसवा.

दादींना मी इतकेच विचारले, “दादीजान, हे हराम म्हणून नको, की आवडत नाही म्हणून नको?” त्या हसून म्हणाल्या, “गोड मटण कोणी खातं का?” मांस कोंबडीचे होते, पण मुद्दा कळला. सूरह माइदाची ८७ वी आयत हलाल वस्तू हराम ठरविण्यास मनाई करते. न आवडण्यास मनाई करीत नाही. दादींसाठी त्याच जाळीवर दोन तुकडे हळद-मीठ लावून भाजले गेले, आणि भांडी पुन्हा एक झाली.

राहिला प्रश्न जुन्या बाटलीचा आणि जाळीचा. बाटली विकू नये, आणि ‘ते खातात’ म्हणून शेजाऱ्यांनाही देऊ नये. मद्याच्या विक्रेत्याचा आणि वाहून नेणाऱ्याचाही निषेध तिर्मिजीच्या हदीसमध्ये आला आहे. ती ओतून द्यावी. जाळी, ब्रश व भांडे टाकून देण्याचे मात्र कारण नाही. ज्या भांड्यांत मद्य व डुकराचे मांस वापरले गेले, अशा भांड्यांविषयी हजरत अबू सअलबा खुशनी (रजि.) यांनी विचारले असता, दुसरी मिळत नसतील तर ती पाण्याने धुऊन वापरण्याची अनुमती मिळाली होती. जाळीवर करपलेला थर असेल तर तो आधी खरवडून काढावा, मग राखेने वा साबणाने घासून तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावी. ब्रशच्या केसांच्या मुळाशी रस साचतो, तेथे गरम पाणी सोडावे.